बोलक्या पेटीची भाषा

परवा पांढुर्ण्याला आत्याकडे जाण्याचा योग आला. संध्याकाळी तिने मला भाजी आणायला पिटाळले. बाजारात एका म्हाताऱ्या भाजीवाल्यापाशी बसलो, वांगी निवडली, रीतीप्रमाणे घासाघीस केली. तो म्हणाला, “घ्या ना भाऊ, सकायचेच तोडले आहेत.” मी मोबाइलने साठ रुपये दिले आणि लगेच टोपलीआडून एक करडा आवाज आला, “साठ रुपये प्राप्त हुए.” मी दचकलोच. वांगी मराठीत निवडली, भाव मराठीत झाला, आणि पावती मात्र हिंदीत!

ही बोलकी पेटी आता वाचकांच्या परिचयाची आहे. २०१६ साली युपीआय सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सर्वांच्या पुढ्यात ती येऊन बसली. नागपूरला ती मराठी बोलते. मी म्हाताऱ्याला विचारले, “बाबा, ही मराठी का नाही बोलत?” तो म्हणाला, “पेटीवाल्या पोरानं लावून देल्ली तशी बोलते. अन् हिंदीत बोलली का पैशे पक्के आल्यासारखे वाटते.”

या शेवटच्या वाक्याने मला विचारात पाडले. म्हाताऱ्याची तक्रार मुळीच नव्हती. उलट, ज्या भाषेत तहसील बोलते, बँक बोलते, त्याच भाषेत पैसे आल्याची वर्दी मिळाली म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो. यंत्राची भाषा ही त्याच्या लेखी हुकमाची भाषा आहे. घरची भाषा वांग्यांच्या भावापुरती. मला हे काही बरे वाटले नाही. कोणी मला भावनाप्रधान म्हणेल, तर म्हणो.

रात्री जेवणानंतर आतेभावाबरोबर पानठेल्यावर गेलो. आपल्या गावांत पूर्वी ठेल्यावर राजकारण चाले, आता यंत्रांच्या बातम्या चालतात. घडी पडणारा फोन मोटारसायकलीच्या किमतीला मिळतो, हे ऐकून एकाने विचारले की तिच्यासारखा तो शेतात जातो काय. दुसऱ्याला नव्या चार्जरचा आनंद झाला होता. युरोपात २०२४ च्या डिसेंबरअखेर सर्व फोनांना एकच जातीचे तोंड सक्तीचे झाले, ही बातमी त्याने तोंडपाठ सांगितली. घरात सात जुने चार्जर आहेत आणि सातही कोणाला लागत नाहीत, हे त्याचे दुःख. मग गोटमारीचा विषय निघाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड घालतात, हे सर्वश्रुत आहे. अलीकडे प्रशासन तिथे ड्रोन उडवते. “ड्रोन वरून पाहून राह्यला, अन् गोटे खालून चालूनच राह्यले,” असे एकाने म्हटले आणि सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण त्या गोट्यांनी माणसे मेली आहेत. असो.

मुद्दा निराळा. या सर्व गप्पा झाल्या मराठीत, पण हातातला प्रत्येक फोन हिंदीत किंवा इंग्रजीत लावलेला. माझ्या आतेभावाची संत्र्याची बाग आहे. पानाचे छायाचित्र काढले की रोग सांगणारी ॲप्स आता निघाली आहेत, तोंडाने प्रश्न विचारला की उत्तर देणारेही निघाले आहेत. त्याने माझ्यासमोर फोनला विचारले, “संत्र्यावर कोळशी आली, काय फवारू?” फोनने लिहिले ‘कोलसी’, आणि उत्तर आले ते कोळशाच्या खाणीविषयी! छिंदवाड्याकडे कोळशाच्या खाणी आहेत खऱ्या, पण आतेभावाच्या बागेत नाहीत. कोळशी म्हणजे काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी, हे संत्रा लावणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मृग बहार, आंबिया बहार, ताण देणे, डिंक्या, हे शब्द इथल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले आहेत. ते यंत्राला समजत नाहीत म्हणून उद्या तो ते बोलायचेच सोडील आणि फोनला कळेल असा एखादा पुस्तकी शब्द शोधील. शब्द गेला की त्या शब्दातली पारखही हळूहळू जाते, अशी माझी भीती आहे.

आत्याच्या घरी कपाटावर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. आता बंद, पण पुसलेला. त्यावर नागपूर केंद्र लागे. आकाशवाणीचे ते केंद्र १९४८ सालचे. पुढे १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्ये पुन्हा आखली गेली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा, त्यातल्या पांढुर्णा-सौसरसह, नव्या मध्य प्रदेशात राहिला. सौसरहून नागपूर हाकेच्या अंतरावर, भोपाळ कुठल्या कुठे. पण रेडिओच्या लहरींना ती रेघ ठाऊक नव्हती. सीमा आखल्यावरही त्या पूर्वीसारख्याच येत राहिल्या. आता फोनची गंमत पाहा. अंतर नाहीसे करणारे यंत्र म्हणून त्याची कीर्ती, आणि सीमा त्याच्याइतकी कोणीच पाळत नाही! सिमकार्ड मध्य प्रदेशच्या मंडळाचे, म्हणून कंपनीच्या सूचना हिंदीत. सीमेवरच्या एखाद्या शेतात फोनने पलीकडचा मनोरा पकडला की महाराष्ट्रात स्वागत असल्याचा निरोप येतो. बिचारा शेतकरी आपल्याच बांधावर उभा असतो. २०२३ साली पांढुर्णा हा सौसर तहसिलीसह स्वतंत्र जिल्हा झाला, तरी या बाबतीत काही फरक पडला नाही.

यावर माझ्या भाचीचे मत मात्र अगदी वेगळे. ती म्हणाली, “मामा, मला काही अडत नाही. फोन इंग्रजीत, शाळा हिंदीत, आजीशी मराठीत.” तिचे खरे आहे. तिचे अडत नाही. तीन भाषा येणारी पोर मला तरी संपत्तीच वाटते. पण आजीचे अडते. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आत्याला हिंदी समजते, तरी फोनशी बोलताना ती चोरट्यासारखी बोलते, जणू परक्याच्या ओसरीवर उभी आहे.

तेव्हा मी तिचा फोन मराठीत लावून दिला आणि फुशारकीने म्हटले, “आता बोल.” ती म्हणाली, “काऊन रे, पाणी येते का आज?” फोन गप्प. ‘काऊन’ त्याला ठाऊक नव्हते. मग तिने डोळ्याला ‘डोया’ म्हटले, तेही त्याला कळेना. मी खजील झालो. मराठी लावली खरी, पण ती पुण्याची! यंत्राला बोलायला शिकवणाऱ्यांनी त्याला ज्यांचे बोलणे ऐकवले, त्यांचेच त्याला कळणार. यात चमत्कार नाही की कटही नाही.

आणि इथेच मला ठेल्यावरच्या मंडळींशी भांडायचे आहे. केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात ‘भाषादान’ म्हणून एक सोय आहे, तिथे कोणीही आपल्या भाषेत वाक्ये बोलून आवाज देऊ शकतो आणि त्या आवाजांवर यंत्रे शिकतात. ठेल्यावर रोज तास-तास यंत्रांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी त्यातला पाव तास तिकडे दिला, तर ‘कोयशी’ म्हणणारा एक तरी गळा त्या साठ्यात जाईल. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख होते. एवढ्या लोकांनी आपल्याला यंत्र कळत नाही म्हणून रडायचे, की यंत्राला आपण कळत नाही म्हणून त्याचा कान धरायचा? आतेभावाने मान डोलावली आणि दुसरे पान लावायला सांगितले. त्याची मान मी तीस वर्षे ओळखतो.

निघायच्या दिवशी पुन्हा बाजारात गेलो. म्हाताऱ्याच्या नातवाला गाठून पेटीची भाषा बदलवून घेतली, आणि पाव किलो मिरच्या घेऊन वीस रुपये पाठवले. पेटी म्हणाली, “वीस रुपये प्राप्त झाले.” म्हातारा तिच्याकडे जरा वेळ पाहत राहिला. “प्राप्त काऊन म्हणते हे?” तो नातवाला म्हणाला. “प्राप्त तर पुत्र होते. पैशे येतात.” नातू म्हणाला, “बाबा, तिले तेवढंच येते.” म्हाताऱ्याने मिरच्यांवर कोथिंबिरीची एक काडी ठेवली, पुडी माझ्या हातात दिली, आणि पेटी आपले काम करून मोकळी झाली होती तरी मला म्हणाला, “आले भाऊ पैशे.”