खापर डोंगराच्या माथी कां?

मुळशीच्या धरणाचा विषय निघाला की आमच्या शहरांतील शिकलेसवरलेले गृहस्थ एक ठरावीक उत्तर देऊन मोकळे होतात. ते म्हणतात, सह्याद्रीची ठेवणच अशी आहे की तेथे धरण व्हावयाचेच होते. टाटांनी बांधले नसते तर दुसऱ्या कोणी बांधले असते. मावळ्यांचे नुकसान झाले हे खरे, पण डोंगराशी भांडून काय उपयोग? हे उत्तर ऐकावयास शहाणपणाचे वाटते, आणि ते देण्यास पदरचे काही खर्चावे लागत नाही. आमच्या मते त्यात अर्धे सत्य आहे. परंतु अर्ध्या सत्याचा निकाल वेळीच लावला नाही, तर पुढच्या अन्यायास तीच सनद होऊन बसते. मुळशीचे पाणी पुण्याकडे वळवावे अशी मागणी अलीकडे वारंवार होत असल्यामुळे हा निकाल लावणे आता अवश्य झाले आहे.

प्रथम जे अर्धे खरे आहे ते पाहू. पुण्याहून पौडावरून ताम्हिणीच्या वाटेस लागले म्हणजे धरणाच्या अंगास माले हे गाव लागते. येथून घाटाची कड फार दूर नाही. नैर्ऋत्येकडील ढग कोकणातून वर चढतात आणि या माथ्यावरच रिते होतात. पुण्यास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीकडे त्याच्या कित्येक पट. या पाण्याने मुळा आणि निळा या नद्यांची खोरी कोरली व खोऱ्यांच्या तळाशी गाळ आणून टाकला. तीच येथली भातखाचरे. मुळशीच्या आंबेमोहोराचा लौकिक त्यांच्यामुळे. वर उतारावर वरकस जमीन, तेथे नाचणी आणि वरी. म्हणजे गावाची जी काही श्रीमंती ती सगळी तळाला, आणि पाणी अडविले असता पहिल्याने बुडावयाचे तेही तळच. येथे पडलेला थेंब आपल्या मार्गाने गेला तर मुळेतून मुठेस, तेथून भीमेस व कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास पोचावयाचा. पण कड्यापलीकडे कोकण दीड हजार फुटांहूनही खोल आहे. तोच थेंब बोगद्यातून पश्चिमेस वळविला, तर भिऱ्यास कोसळताना यंत्रे फिरवितो व कुंडलिकेवाटे अरबी समुद्रास जातो. मुंबईजवळ कोळशाची खाण नाही. गिरण्यांचा कोळसा लांबून आणावा लागे. इतका पाऊस, इतका उंच कडा आणि इतके जवळ इतके भुकेले शहर, असा योग जगात फार ठिकाणी जुळत नाही. डोंगराचे काम येथवर झाले.

यापुढचे कामही डोंगरानेच केले काय, हा वादाचा मुद्दा आहे. त्याची परीक्षा करावयाची तर असा दाखला पाहिजे की जेथे भूमी तीच राहिली व कायदा मात्र बदलला. असा दाखला अमेरिकेतील इंग्रजांच्या आरंभीच्या वसाहतींत सापडतो, म्हणून वाचकांस थोडा वेळ तिकडे नेणे आम्हांस भाग आहे.

एकाच राजाची, एकच भाषा बोलणारी ही माणसे. परंतु त्या किनाऱ्यावर उत्तरेस उतरलेल्यांचा समाज एक झाला आणि दक्षिणेस उतरलेल्यांचा अगदी निराळा. उत्तरेस, ज्यास न्यू इंग्लंड म्हणतात तेथे, जमीन दगडगोट्यांची, उन्हाळा आखूड, हिवाळा कडक. शेतीत पैसा नाही. पण समुद्रात कॉड मासा अपार, अरण्यांत जहाजांना लागणारे लाकूड विपुल आणि बंदरे उत्तम. म्हणून ते लोक कोळी, सुतार, जहाजवाले आणि व्यापारी झाले. लहान शेतांभोवती वस्ती एकवटली, गावची सभा भरू लागली, आणि ५० कुटुंबांच्या गावाने मुलांसाठी शिक्षक ठेवलाच पाहिजे असा कायदा मॅसॅच्युसेट्सने १६४७ साली केला. दक्षिणेस व्हर्जिनियात याच्या उलट. तेथे १६०७ साली जेम्सटाउन वसले व थोड्याच वर्षांत तंबाखूचे पीक साधले. तंबाखू जमिनीचा कस लवकर ओढून घेते, म्हणून नवी जमीन सतत पाहिजे. नद्या अशा की भरतीचे पाणी आत दूरवर जाते. विलायतेचे जहाज थेट मळेवाल्याच्या स्वतःच्या धक्क्यास लागे. मग बाजारपेठ हवी कशास? शहर नाही, पेठ नाही, म्हणून मध्यम वर्गही नाही. कोसाकोसावर एकेक मोठा मळा आणि त्यात राबणारी माणसे. त्याहून दक्षिणेस कॅरोलिनाच्या दलदलीत तांदूळ पिकू लागला, आणि आमच्या मावळच्या शेतकऱ्यास ज्याचे कष्ट ठाऊक आहेत ते चिखलातले काम तेथे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर पडले.

इतके वाचून कोणी म्हणेल की हे सर्व भूमीनेच घडविले. थांबावे. व्हर्जिनियात प्रथम राबत होते ते बहुतेक इंग्लंडातून कराराने आलेले गोरे मजूरच. मुदत संपली की ते मोकळे होत. आफ्रिकी माणसे १६१९ पासून येऊ लागली, तरी त्यांची पिढीजात गुलामी कायद्याच्या पुस्तकात मागाहून शिरली. इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरे. १६६२ साली व्हर्जिनियाच्या सभेने तो नियम उलटा केला आणि मूल आईचा दर्जा घेईल असे ठरविले. मालकाचेच मूल मालकाचा गुलाम झाले. हे कलम कोणत्या नदीने लिहिले?

याहूनही खणखणीत पुरावा जॉर्जियाचा आहे. ही वसाहत १७३३ साली सुरू झाली. साउथ कॅरोलिना आणि ती यांच्यामध्ये केवळ सवाना नदी. दोहींकडे ऊन तेच, दलदल तीच. तरीही विश्वस्तांनी १७३५ साली जॉर्जियात गुलाम आणण्यास बंदी केली. त्याबरोबर मळ्यांची हाव सुटलेल्या लोकांनी ओरड आरंभिली की या हवेत गोऱ्या माणसाकडून शेत होणे शक्यच नाही, निसर्गच तसा आहे! त्याच वसाहतीत एबेनेझर येथील जर्मन शेतकरी आपल्या हातांनी भात पिकवीत होते, आणि गुलाम आणू नयेत असा अर्ज त्यांनी १७३९ साली केला. निसर्ग त्यांच्या आड आला नाही. पण शेवटी ओरडणाऱ्यांची सरशी झाली. १७५१ पासून बंदी उठली व पाहता पाहता जॉर्जियाही कॅरोलिनासारखी झाली. या अवधीत नदीने पात्र बदलले नव्हते, की उन्हाची तीव्रता वाढली नव्हती. बदलले ते एक कलम. उत्तरेकडचे व्यापारीही यातून हात धुऊन सुटत नाहीत. त्यांचा हलक्या प्रतीचा मासा बार्बाडोससारख्या साखरेच्या बेटांवर गुलामांच्या अन्नासाठीच विकला जाई. आपल्या गावात सभा आणि शाळा, व दुसऱ्याच्या गुलामगिरीवर नफा, असे दुहेरी पुण्य त्यांनी जोडले होते.

आता परत आपल्याकडे यावे. मुंबई ही इंग्रजांची जुनी वसाहतच. १६६१ च्या विवाहकरारात ती बेटे राजा चार्ल्स यास मिळाली आणि १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीकडे गेली. बंदर अप्रतिम, परंतु पाठीशी सह्याद्रीची भिंत आणि भिंतीपलीकडे मराठ्यांचे राज्य. म्हणून दीडशे वर्षे त्या बंदरास खरी पाठराखण लाभली नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली, १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी चढली. तेवढ्यात अमेरिकेत यादवी पेटून दक्षिणेकडचा गुलामांनी पिकविलेला कापूस बंद झाला व विलायतेच्या गिरण्यांनी आमच्या कापसाकडे धाव घेतली. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईने पाहिला तो पैसा या मार्गाने आला. पुढे गिरण्या वाढल्या, आणि त्यांस शक्ती हवी म्हणून टाटांनी घाटमाथ्याकडे दृष्टी वळविली. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली चालू झाले. भिऱ्याचे, मुळशीच्या पाण्यावरचे, १९२७ साली.

मुळशीत काय घडले हे वाचकांस सर्वसाधारणपणे ठाऊक आहे. जमिनीचा ताबा रीतसर मिळण्यापूर्वीच खोदाई सुरू झाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामावर जाऊन बसले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे पुढारी त्यांस लाभले. पुरुषांबरोबर बायकाही तुरुंगात गेल्या. लढा १९२४ पर्यंत चालला, बापटांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि पन्नासाच्या आसपास गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या.

सरकारने वापरलेले हत्यार म्हणजे १८९४ चा जमीन संपादन कायदा. त्याच्या सातव्या भागाने खासगी कंपनीसाठीही सक्तीने जमीन घेता येत असे. भाव बाजाराचा, वर सक्तीबद्दल शेकडा १५. जमिनीऐवजी जमीन देण्याचे बंधन नाही. मोबदला मिळावयाचा तो कागदावर ज्याचा हक्क त्यास. आणि येथेच आमच्या शहरांनी मान खाली घालावी अशी गोष्ट आहे. मावळातील पुष्कळ जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. आरंभी हे सावकारही विरोधात होते. पुढे मोबदल्याचा आकडा वाढतो असे दिसताच त्यांचा ओढा तडजोडीकडे झाला. त्यांचे गणित व्यवहाराचे होते. ज्याने खाचर कसले त्याचे मात्र गाव, देऊळ व पीक तिन्ही गेले, आणि रोख रकमेत त्याचा वाटा कूळ म्हणून नगण्य राहिला. खोऱ्याचा तळ बुडणार हे डोंगराने ठरविले असेल. पण त्या तळाची किंमत कोणाच्या हाती पडावी हे सातबाराने, कर्जखताने आणि १८९४ च्या कायद्याने ठरविले.

तेव्हापासून कायदा पुष्कळ सुधारला, हे कबूल केले पाहिजे. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ चा कायदा रद्द होऊन २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी शेकडा ८० जणांची संमती आता लागते. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणाने नव्या प्रकल्पांतील शेकडा १ वीज त्याच भागाच्या विकासासाठी राखावी हे तत्त्व मान्य केले. परंतु हे सर्व पुढच्यांसाठी. मालेकरांचे पाणी त्याआधीच वळलेले. ज्या गिरण्यांच्या नावाने धरण झाले त्यांपैकी बहुतेक १९८२ च्या संपानंतर बंद पडल्या. धरण उभे आहे, पाणी पश्चिमेस जातच आहे.

आता त्या पाण्यावर पुणे हक्क सांगते. वाढत्या शहरास पाणी लागते, ही मागणी आम्ही अयोग्य म्हणत नाही. मुळा ही पुण्याचीच नदी, आणि तिच्या खालच्या अंगास सोलापूरची कोरडी शिवारे आहेत. परंतु १९२१ साली ज्या जागी मुंबई उभी होती तेथे आता आपण उभे आहोत, हे आपल्या पेठांतील व्यापाऱ्यांनी, ताम्हिणीच्या वाटेवर बंगल्यासाठी गुंठे घेणाऱ्या गृहस्थांनी आणि पालिकेच्या सभासदांनी ओळखावे. यासाठी आमचे मागणे असे आहे की पाण्याच्या फेरवाटणीचा कोणताही करार होण्यापूर्वी धरणाभोवतालच्या गावांची जाहीर सुनावणी मालेस किंवा पौडास व्हावी, मुंबईस मंत्रालयात नव्हे. त्या गावांच्या पिण्याचे व शेतीचे पाणी पहिल्या कलमात लिहावे. शहराचा वाटा त्यानंतर. आणि २००८ च्या धोरणातील शेकडा १ चे तत्त्व मुळशी, आंध्रा खोरे व खोपोली या जुन्या प्रकल्पांस राज्य सरकारने खास कायद्याने लागू करावे. त्या निधीचा विनियोग बुडित गावांच्या वंशजांच्या ग्रामसभांकडे असावा. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात असे विधेयक कोण आणतो, याकडे आमचे लक्ष राहील.