घर नंबर? नाही. जमात? आहे!

परदेशात शिकायला जायचं म्हटलं, की घरातून पहिला प्रश्न येतो, "काहून? इथं कॉलेज नाही काय?" दुसरा प्रश्न खर्चाचा. तिसरा शेजारच्या काकांचा, "तिथं आपलं कोणी आहे काय?" तिन्ही उत्तरं देता देता तुमचा अर्धा दम जातो आणि उरलेला अर्धा ऑनलाइन फॉर्म खातो. आज बोलायचंय ते या उरलेल्या अर्ध्याबद्दल. जिद्द, भरारी, गगनाला गवसणी हे सगळं तुम्ही पुष्कळ वाचलंय. पण स्टुडिओवाल्या भाऊंनी प्रेमानं गोरा केलेला फोटो व्हिसाला चालत नाही, हे कोणी सांगत नाही.

सुरुवात नावापासूनच होते. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टच्या फॉर्मवर आडनाव वेगळ्या रकान्यात, बाकी दुसऱ्यात. घाईत कुणी सगळं नाव एकाच रकान्यात टाकलं, की पुढे अमेरिकेच्या व्हिसावर ते अख्खं आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी छापून येतं 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. बारशाला आत्यानं एवढं कानात सांगितलेलं नाव, ते सरकारी भाषेत बेपत्ता! त्यात स्पेलिंग. आत्राममध्ये सुरुवातीला ए एक की दोन? मडावीत व्ही की डब्ल्यू? आधारवर एक, टीसीवर दुसरं, बँक पासबुकावर तिसरं. मग प्रतिज्ञापत्र करा, की ही तिन्ही माणसं मीच आहे.

अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म आई-वडिलांची जन्मतारीखही विचारतो. आता आपल्याकडच्या गावात शाळेत नाव घालताना गुरुजींनी मागच्या पिढीतल्या किती जणांना १ जून बहाल केलीय, ते तुम्हाला माहीत आहे. बाबा १ जून, आई १ जून, काकाही १ जून. तिकडच्या अधिकाऱ्याला वाटेल, या जिल्ह्यात वर्षातून एकच दिवस बाळंतपणं होत असावीत.

पुढचा रकाना पत्त्याचा. घर क्रमांक, रस्त्याचं नाव, आणि दोन्हीपुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पान पुढे सरकणार नाही. एटापल्ली किंवा भामरागडच्या आतल्या टोल्यावर राहणाऱ्या मुलीनं रस्त्याचं नाव काय लिहावं? रस्ताच चार महिने असतो-नसतो. शेवटी 'शाळेजवळ' लिहून ती सुटका करून घेते आणि पोस्टमनदादा तेवढ्यावर पत्र आणूनही देतात. अडचण फक्त कम्प्युटरला असते. त्यात हा फॉर्म वीसेक मिनिटं हालचाल झाली नाही तर बंद पडतो. टॉवर पकडायला टेकडीवर चढलेल्या मुलीला ही अट वाचून रडावं की हसावं कळत नाही.

पण याच फॉर्ममध्ये एक प्रश्न असा आहे, की आपल्याकडच्या पोरांनी तो वाचून खुर्चीतून उठावं. 'तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा जमातीचे आहात का?' हो किंवा नाही, एवढंच. हो म्हटलं तर नाव लिहा. झालं! ना १९५० पूर्वीचा कागद, ना पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकातली नोंद, ना वंशावळ, ना समितीपुढे तारीख. आपल्याकडे अनुसूचित जमातीच्या मुलाला आपण जमातीचे आहोत हे सिद्ध करायला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा शोधत तहसीलच्या अभिलेख कक्षात धूळ खावी लागते. तिकडे एका क्लिकवर विश्वास! (एजंट मात्र हमखास सांगतो, "नाही टाक, भानगड नको." टाकू नका. आपण चार देवे की सात देवे हे ज्याला आजोबांकडून पाठ आहे, त्यानं सरकारी फॉर्मवर खोटं कशाला लिहायचं?)

विद्यापीठाच्या रकान्याचीही अशीच गंमत आहे. आपलं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं. जुन्या यादीवर चालणाऱ्या एखाद्या वेबसाइटच्या ड्रॉपडाउनमध्ये ते नाही मिळालं, की 'इतर' निवडायचं. आता पाहा, एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिकांनी आपल्या या मुलखाचं नाव एका अख्ख्या प्राचीन महाखंडाला दिलं. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, सगळे एकेकाळी गोंडवानाचे तुकडे. मेलबर्नच्या शाळकरी पोरालाही गोंडवाना माहीत असतं. आणि आपण काय निवडायचं? इतर!

शिफारसपत्रांचं काय सांगावं. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." तुम्ही स्वतःचं कौतुक रात्रभर इंग्रजीत लिहिता, सकाळी कळतं की विद्यापीठाला कागद नकोच, ते सरांच्या कॉलेजच्या ईमेलवर लिंक पाठवणार. कॉलेजचा ईमेल सरांनी कधी उघडलेला नाही. मग जीमेल चालेल का, लिंक स्पॅममध्ये गेली का, सर इलेक्शन ड्युटीवर आहेत का, या चौकशीत तीन आठवडे जातात. गडचिरोली-चंद्रपूरच्या प्राचार्यांना आमची पहिली हात जोडून विनंती हीच. प्रत्येक प्राध्यापकाचा कॉलेजच्या नावाचा ईमेल चालू करा आणि त्यांना तो उघडायला लावा. याला निधी लागत नाही.

स्वतःबद्दलच्या निबंधाचीही तीच तऱ्हा. एसओपी म्हणतात त्याला. कन्सल्टन्सीवाला नमुना देतो आणि 'लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ होती' इथून गाडी सुरू होते. अशी ओढ असलेली लाखभर मुलं दरवर्षी अर्ज करतात. तुम्ही जिथं राहता तिथं २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, त्याची राख आहे, कोळशाच्या खाणी आहेत, गावाच्या वेशीवर येणारा वाघ आहे, सुरजागडचं लोखंड आहे, ग्रामसभेनं स्वतः विकलेला तेंदूपत्ता आहे. पर्यावरण, ऊर्जा, सार्वजनिक आरोग्य, कायदा, यातलं काहीही शिकायचं असेल तर परदेशातला प्राध्यापक ज्यावर पुस्तक वाचतो ते तुमच्या खिडकीबाहेर घडतंय. तेच लिहा ना बाप्पा!

कन्सल्टन्सीवरून आठवलं. नागपुरात 'फ्री काउन्सेलिंग'चे बोर्ड रस्तोरस्ती आहेत. फ्री कसं परवडतं? तुम्ही प्रवेश घेतलात की बरीच विद्यापीठं त्यांना कमिशन देतात. त्यात चोरी काही नाही, पण ते ज्यांच्याकडून कमिशन मिळतं तीच नावं पुढे करणार हे उघड आहे. आणि सरकारी शिष्यवृत्तीला विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. म्हणजे एजंटच्या यादीतलं पहिलं विद्यापीठ घेतलं, की शिष्यवृत्तीचं दार तुम्ही स्वतःच्या हातानं लावून घेतलं. अर्ज करण्याआधी ती यादी बघा, नंतर नाही.

आता पैसा. इथं हसू जरा आटतं. ब्रिटनच्या व्हिसासाठी फी आणि राहण्याखाण्याची ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून राहिलेली दाखवावी लागते. जर्मनीला वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे दहा-बारा लाखांच्या आसपास, गोठवलेल्या खात्यात आधीच भरावे लागतात. सप्टेंबरला जाणाऱ्याचे हे २८ दिवस नेमके जून-जुलैत येतात. तेव्हाच बी-बियाणं, तेव्हाच रोवणीची मजुरी. धानाचा पैसा त्या महिन्यात घरात थांबेल तर तो धानाचा पैसा कसला? तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्याचा, त्याचे पैसे कधी हातात पडतील हे ग्रामसभेलाही सांगता येत नाही. पगाराची स्लिप असलेल्या घरासाठी बनवलेला हा नियम आहे. बनवणाऱ्याच्या डोळ्यापुढे शेतकरी नव्हताच.

मग कर्ज काढा म्हणतात. बँक मोठ्या कर्जाला तारण मागते. वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेला पट्टा वारसानं पुढे जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तो तसा आहे म्हणूनच जमीन वाचली, हेही खरं आणि ते तसंच राहावं. पण मग त्या घरातल्या हुशार मुलीनं बँकेच्या टेबलावर ठेवायचं काय? याचं उत्तर शिष्यवृत्ती हेच असायला हवं. ते किती मोठं आहे, तेही बघू. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या परदेशी शिष्यवृत्तीत अख्ख्या देशासाठी वर्षाला २० जागा. त्यातल्या १७ अनुसूचित जमातींना आणि ३ विशेष असुरक्षित आदिम जमातींना. आपले माडिया आणि कोलाम या तिघांच्या रांगेत, देशभरातल्या सत्तरहून अधिक आदिम जमातींच्या सोबत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी, तिच्या ७५ जागा. तिला पक्कं, विनाअट प्रवेशपत्र लागतं. पण प्रवेश पक्का करायला अनेक विद्यापीठं आधी डिपॉझिट मागतात. म्हणजे शिष्यवृत्ती मिळावी म्हणून आधी पैसे भरा आणि पैसे नाहीत म्हणून शिष्यवृत्ती मागा. कोंबडी आधी की अंडं आधी, हे कोडं सोडवायला सरकारनं पोरांनाच बसवलंय. डिपॉझिटपुरता परतबोलीचा छोटा निधी जिल्ह्याच्या पातळीवर ठेवणं अवघड नाही. खनिज निधी असलेल्या या दोन जिल्ह्यांना तर अजिबातच नाही. आमची दुसरी मागणी ही.

हे सगळं अशक्य आहे असं कोणाला वाटत असेल, तर चंद्रपूरचे राजाभाऊ खोब्रागडे याच मातीतून लंडनला गेले, बॅरिस्टर होऊन परतले आणि १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे भास्कर हलामी कसनसूरच्या आश्रमशाळेत शिकले, गडचिरोलीत बीएस्सी केलं, नागपुरात एमएस्सी, मिशिगनमध्ये पीएचडी, आणि अमेरिकेत औषध संशोधक झाले. मोहफुलं शिजवून दिवस काढलेलं घर ते. त्यांच्या कौतुकाच्या बातम्या खूप छापून आल्या. त्यांनी कोणता फॉर्म कसा भरला, हे मात्र आजच्या पोराला कुणाकडून कळणार?

कारण इथल्या अडचणी पुण्या-मुंबईच्या यूट्यूबवाल्या ताईंना ठाऊक नसतात. त्या म्हणतात, "स्लॉट मिळाला की लगेच घ्या!" इथं स्लॉट जुलैतला मिळतो आणि त्याच आठवड्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो. पुलावरचं पाणी कधी उतरेल ते वकिलातीच्या पोर्टलवर दिसत नाही. म्हणून जमलं तर मुलाखतीच्या आठ दिवस आधीच गडचिरोली किंवा नागपूर गाठून नातेवाइकाकडे मुक्काम ठोका. सिरोंचाच्या मुलांनो, तुमच्यासाठी अजून एक. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईतच द्यायला हवी असं नाही, हैदराबादलाही देता येते. सकाळी निघालात तर संध्याकाळी पोहोचाल, आणि तुमची तेलुगू तिथल्या रिक्षावाल्यापुढे उपयोगीही पडेल. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर ठरलेल्या दवाखान्यातून टीबीची तपासणी लागते. मलेरियाचं कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर गडचिरोलीचा फॉर्म बराच लांबला असता.

ही असली माहिती साठवायला तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजात एक खोली, एक कपाट आणि एक माणूस हवा. जे गेले त्यांच्या फाइलच्या झेरॉक्स त्या कपाटात राहाव्यात. अर्ज नाकारला गेला, त्यांच्याही. नकाराच्या फाइली जास्त कामाच्या असतात.

एवढं सगळं पार पडून व्हिसा हातात आला, की खरेदी. मे महिन्यात, चंद्रपुरात, पारा ४६ वर असताना दुकानदाराला थर्मल मागून बघा. तो आधी तुम्हाला पाणी देतो. गरम कपडे आपल्याकडे येतात ते हिवाळ्यात, तिबेटी विक्रेत्यांबरोबर. तोवर तुम्ही तिकडे कुडकुडत असणार. म्हणून जायच्या आधीच्या डिसेंबरमध्येच घेऊन ठेवा, व्हिसा मिळो न मिळो. स्वेटर वाया जात नाही.

मग बॅग. बहुतेक विमानांत एका बॅगेला २३ किलो. रेशन दुकानाच्या काट्यावर ती चार वेळा चढते-उतरते. जवसाची चटणी, कुरड्या, लाखोळीची डाळ, मोहाचे लाडू, लोणच्याच्या बरणीवर सात प्लास्टिकच्या पिशव्या. आजी हळूच दोन किलो एचएमटी तांदूळ सरकवते. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेलं वाण, तिकडे कुठं मिळणार ते! भावना बरोबर आहे, पण अमेरिकेला जात असाल तर तो तांदूळ काढून ठेवा. खाप्रा नावाच्या भुंग्याच्या भीतीनं तिथं प्रवाशाच्या बॅगेतून भारतातला तांदूळ नेता येत नाही, विमानतळावर कचऱ्यात जातो. आजीला हे समजावताना मुलाखतीपेक्षा जास्त तयारी करून जा. ती पहिला प्रश्न विचारेल, "मंग तिथले लोक खातात तरी काय?"