दागिने तिचे, दुकान कुणाचे?



रथसप्तमी उलटली की हलव्याच्या दागिन्यांचा हंगाम संपतो. पराती घासूनपुसून माळ्यावर जातात आणि बायका हिशेबाला बसतात. या वर्षीच्या हिशेबाच्या बैठकीला मीही होते. आठजणींचा गट, त्यातल्या पाचजणी आता फोनवरून माल विकतात. एकीला विचारले, "यंदा किती सेट गेले गं?" ती म्हणाली, "मुलाला विचारून सांगते, ताई. सगळं त्याच्या फोनात आहे."

बाकीच्या हसल्या नाहीत. कारण पाचपैकी तिघींचे उत्तर थोड्याफार फरकाने हेच होते.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मंद आचेवर परात, तीत खसखस किंवा साबुदाणा, त्यावर थेंबाथेंबाने साखरेचा पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचे. दाण्यावर काटा येईपर्यंत बोटांची टोके पोळून निघतात. आभाळ आले, हवेत दमटपणा आला की काटा धरत नाही आणि दिवसभराचे काम वाया जाते. पुढे या दाण्याला भोक पाडता येत नाही, म्हणून तो दोऱ्याच्या गाठीत एकेक करून धरायचा. असे मंगळसूत्र, हार, बाजूबंद, नथ, बांगड्या, कंबरपट्टा, जावयासाठी हार, बोरनहाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी. या गटात सर्वांत सुबक मंगळसूत्र जिच्या हातचे असते, तिला नवरा जाऊन नऊ वर्षे झाली. ज्या हळदीकुंकवात तिचा दागिना मिरवतो तिथे तिला बोलावणे नसते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, शासनाने इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितले. आमच्या वस्तीत तो ठराव अजून पोचायचा आहे. काही वाचक विचारतील, मग सुवासिनीपणाचा हा बाजार आपण वाढवायचाच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण तिचे भाडे या दागिन्यांतून निघते, आणि ते काम सोड असे तिला सांगण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही.

पूर्वी हा माल दुकानदार उचलायचा. साडेचारशेला घेतलेला सेट तो हजाराला विकायचा आणि पैसे पाडव्यापर्यंत रेंगाळत. आता तोच सेट बाई थेट नऊशेला विकते आणि पैसे आधी हातात येतात. नागपूरहून, बंगळूरहून मागणी येते. हा फायदा खरा आहे. यंत्र आले की बाईचे काम जाते, हा आपला जुना अनुभव. इथे निदान तसे झालेले नाही.

तरीही नऊशेतले तिचे किती, हे आम्ही बैठकीत खडूने फरशीवर मांडले. साखर, गॅस, दोरा, पुठ्ठा, सोनेरी जर मिळून ३२० रुपये. खोका आणि कुरिअर १३०. उरले ४५०. सेटला लागलेले तास चौदा, म्हणजे तासाला बत्तीस रुपये. राष्ट्रीय रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागले तर एकोणचाळीस. म्हणजे खडी फोडणे यापेक्षा परवडले!

मग एकजण म्हणाली, "फोनचा वेळ कुठे धरला?" खरेच, तो कुणीच धरला नव्हता. काळ्या साडीवर मांडून फोटो काढायचे, रात्री अकराला आलेल्या "किंमत?" या एका शब्दाला उत्तर द्यायचे, पाच रंग दाखवायचे, पार्सल पोचले का ते विचारायचे, वाटेत हार तुटला तर माफी मागून दुसरा पाठवायचा. सेटमागे तीन तास सहज. ते धरले की तासाची मजुरी सव्वीस रुपयांवर येते. दुकानदार जे काम गल्ल्यावर बसून करायचा आणि ज्याचे पैसे कापून घ्यायचा, ते काम आता बाई करते आहे, फुकट. स्वयंपाकासारखेच ते मोजायचे राहून गेले, कारण ते घरात बसून होते.

आणि दलाल गेला असे समजू नका. आता तो, बऱ्याचदा ती, शहरात फोन घेऊन बसलेली असते. आपल्या बायकांचे फोटो आपल्या पानावर लावते, पाचशेला सेट मागवते, चौदाशेला पाठवते. मालाडच्या इमिटेशन दागिन्यांच्या धंद्यात घरोघरी खडे चिकटवणाऱ्या बायकांना नगावर पैसे मिळतात हे आपण जाणतो. इथे नगाऐवजी सेट आला, एवढेच. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार क्रमांक १७७ केला. त्यामागे इलाबेन भट आणि 'सेवा'ची मोठी धडपड होती, पण भारताने तो अजून मान्य केलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्यांची व्याख्या आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाली. पण त्या व्याख्येला मालक लागतो. फोनवर "ताई, दहा सेट पाठवा" म्हणणारी बाई आपली मालकीण आहे की गिऱ्हाईक, हे कोण ठरवणार?

आता पहिल्या उत्तराकडे येते, मुलाच्या फोनातल्या दुकानाकडे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल आहे. स्वतः वापरत असलेले बँक खाते मात्र सुमारे ७९ टक्क्यांकडे आहे. म्हणजे बचत गटाच्या निमित्ताने आपण बायकांना बँकेपर्यंत नेले, पण आज गिऱ्हाईक बँकेत येत नाही, फोनवर येते. पैसे भरायचा चौकोनी कोड मुलाच्या खात्याचा. पानाचा पासवर्ड नवऱ्याकडे. कागदपत्रांचेही तेच. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कंपन्यांच्या विक्री-संकेतस्थळांवर माल ठेवायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सूट मिळाली. उलाढाल मर्यादेत असेल, महाराष्ट्रात ती वर्षाला ४० लाख रुपये आहे, तर पॅनच्या आधारे एक क्रमांक घेऊन राज्यापुरती विक्री करता येते. सोलापूरहून पुण्याला चालते; शेजारच्या विजापूरला पाठवायचे तर नोंदणी हवीच. सूट चांगली आहे. पण पॅन ज्याचे, धंदा त्याचा. आणि घरात पॅन बहुधा आधी नवऱ्याचे निघालेले असते.

दुसऱ्या एका गावातल्या बाईची हकीकत बैठकीत निघाली. तीन वर्षे राबून तिने गिऱ्हाइके जोडली. घरात भांडण झाले, नवऱ्याने पासवर्ड बदलला आणि एका रात्रीत सगळी गिऱ्हाइके, जुने फोटो, लोकांनी लिहिलेले चांगले शब्द, सारे गेले. तिने पोलिसांत काय सांगायचे? दागिना चोरला असता तर कायदा माहीत होता. स्त्रीधन तिचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्वच्छ सांगितले आहे. गिऱ्हाइकांची यादी मात्र पेटीत ठेवता येत नाही.

यावर बैठकीत वाद झाला आणि तो मिटला नाही. एक म्हातारी संतापून म्हणाली, "पोरगा रात्र-रात्र जागून उत्तरं देतो, त्याला चोर ठरवता का?" तिचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. मुलाची मदत घ्यावी, त्याला त्याचे पैसेही द्यावेत. पण ती मदत आहे आणि दुकान आईचे आहे, हे दोघांनाही माहीत असावे, एवढेच आमचे म्हणणे होते. गटाचे एकच सामाईक पान काढावे ही सूचनाही आली. त्यात धोका असा की चांगला फोन असलेली एकजण आपोआप मुकादम होते. हे आपण बचत गटांत पाहिले आहे.

परदेशी विक्रीची स्वप्नेही थोडी जपूनच पाहायची असे ठरले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करसवलत काढून घेतली, आपल्या टपाल खात्याने तिकडचे बहुतेक बुकिंग थांबवले, ते ऑक्टोबरच्या मध्यात सुरू झाले. तिकडच्या लेकी-सुनांसाठी संक्रांतीची मागणी घेण्याचे नेमके हेच दिवस.

शेवटी या गोष्टी ठरल्या. पावसाळ्याआधी प्रत्येकीचे पॅन काढायचे. पैसे भरायचा कोड तिच्याच खात्याचा. पासवर्ड तिला स्वतःला टाकता आला पाहिजे. ज्या दोघींना इंग्रजी अक्षरे येत नाहीत त्यांना शिकवायची जबाबदारी मी घेतली आहे. गिऱ्हाइकांची नावे आणि फोन वहीत, शाईने. नव्या हंगामात सेट साडेअकराशेच्या खाली कुणी द्यायचा नाही, शहरातल्या बाईलाही नाही. यातले किती टिकेल ते मार्गशीर्षात कळेल.

तुमच्या गटात कुणी मणी, लाख, टेराकोटा किंवा हलव्याचे दागिने फोनवरून विकत असेल तर एका नगाचा हिशेब आम्हाला पाठवा, तासांसकट, फोनच्या तासांसकट. आणि दुकान कुणाच्या नावावर आहे तेही लिहा. नावे छापणार नाही. दिवाळी अंकाच्या आधी ते सारे हिशेब शेजारी शेजारी छापायचे आहेत.