परवाना सभागृहाला हवा, मैफिलीला नको

मा. डॉ. मोहन यादव,
मुख्यमंत्री, मध्य प्रदेश, भोपाळ



हे पत्र मराठीत लिहीत आहे. राज्यघटनेचं 350वं कलम नागरिकाला आपलं गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडण्याचा हक्क देतं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की विषय धारचा आणि देवासचा आहे. दोनशे वर्षं पवारांच्या राजवटीखाली राहिलेल्या या दोन गावांत मराठी ही पाहुणी भाषा नाही. आपण उज्जैनचे, त्यामुळे माळव्याची ओळख आपल्याला करून द्यायला नको. गाण्याची बैठक, कबीराच्या भजनांची रात्र, गणेशोत्सवातली एकांकिका, कीर्तन असा लहानसा सार्वजनिक कार्यक्रम करायचा म्हटलं की आज ज्या परवानग्या लागतात, त्यांची रचनाच मुळात चुकली आहे, असं माझं म्हणणं आहे. परवानग्या नकोतच, असं मी म्हणत नाही. परवाना जागेचा असावा. आज तो प्रत्येक संध्याकाळी नव्याने मागावा लागतो.

एक साधा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. दीडशे श्रोते, एक गायिका, तबला, पेटी, दोन तानपुरे, दोन माइक. माइक आला की ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे केंद्रीय नियम आणि मध्य प्रदेशचा 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियम लागू होतात, म्हणजे एसडीएम कचेरीत लेखी अर्ज आला. अर्ज आला की पोलिस ठाण्याचा अभिप्राय आला. कार्यक्रम मोकळ्या जागेत असेल तर जागेसाठी महापालिका किंवा नगरपालिका, मंडपासाठी अग्निशमन, तात्पुरत्या जोडणीसाठी वीज कंपनी. कुणी चित्रपटातली गाणी गाणार असेल तर हक्कशुल्क घेणारी संस्था. यातली प्रत्येक परवानगी सुटी पाहिली तर तिच्यामागचं कारण पटतं. पण कागदांची ही चळत दीडशे श्रोत्यांसाठी जवळपास तेवढीच लागते जेवढी पंधरा हजारांसाठी. मोठ्या कार्यक्रमवाल्यांकडे या कामासाठी पगारी माणसं असतात. छोट्या मंडळात हे काम एखादे निवृत्त मास्तर करतात किंवा बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढलेल्या कुणी बाई. मंडळाला त्याहून जड जाते ती अनिश्चितता. कलाकाराला तारीख दोन महिने आधी द्यावी लागते, गाडीची तिकिटं काढावी लागतात, सभागृहाची अनामत भरावी लागते, आणि परवानगी हातात कधी पडेल ते कुणी सांगू शकत नाही. अशा वेळी शहाणी मंडळं काय करतात? कार्यक्रमच करत नाहीत. जो कार्यक्रम ठरलाच नाही, त्याची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही. म्हणून हे नुकसान सरकारला दिसत नाही.

हे नुकसान कशाचं, ते या दोन गावांच्या इतिहासाकडे पाहिलं की कळतं. 1903 मध्ये धारच्या काशिनाथ कृष्ण लेले यांना एक कोरीव शिळा मिळाली. तिच्यावर ‘पारिजातमंजरी’ या संस्कृत नाटिकेचे चारांपैकी पहिले दोन अंक कोरलेले आहेत. नाटिका तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, लिहिणारा परमार राजा अर्जुनवर्म्याचा गुरू मदन, आणि प्रसंग धारानगरीतल्या वसंतोत्सवाचा. नाटक दगडावर कोरून ठेवावं असं वाटणारं गाव देशात विरळाच. देवासचं वैभव आणखी वेगळं. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली, आणि दोन्ही दरबारांनी गुणी माणसं जवळ केली. उस्ताद रजब अली खाँ इथलेच. जानेवारी 1948 मध्ये क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले आणि 12 जानेवारी 1992 ला त्यांनी देह ठेवला तोही देवासलाच. अंथरुणाला खिळलेल्या त्या वर्षांत माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली. पुढे बरे झाल्यावर त्यांनी ऋतूंवर, लोकधुनांवर बांधलेले नवनवे कार्यक्रम उभे केले. आज त्यांच्या नावाने आपलंच सरकार देवासला दर वर्षी समारोह भरवतं, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण समारोह पिकलेल्या कलेचा असतो. ती पिकते लहान खोल्यांत, पन्नास जाणकारांसमोर, जिथे नवी बंदिश फसली तरी चालते. 1991 पासून देवासमध्ये एकलव्य संस्थेने चालवलेला कबीर भजन एवं विचार मंच असाच होता. गावोगावच्या मंडळ्या यायच्या, रात्रभर गायच्या आणि गाता गाता वाद घालायच्या. लहान जागेवर मोठ्या जागेचं ओझं टाकलं की ही जमीनच नापीक होते. मग समारोहासाठी कलाकार बाहेरूनच आणावे लागतात.

आता परवान्याच्या कल्पनेचा उगम पाहू. आपल्याकडे करमणुकीवर सरकारी नजर आली ती भीतीतून. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी केला तो बंगाली नाटकांना घाबरून. मराठी माणसाला यावर वेगळा पुरावा नको. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आलं आणि 1910 मध्ये त्यावर बंदी आली. स्वतंत्र भारताच्या संसदेने तो 1876 चा कायदा रद्द केला तो थेट 2018 च्या सुरुवातीला. कायदा गेला, पण ‘आधी विचारा, मग गा’ ही सवय मागे राहिली. ज्यांच्याकडून आपण ती घेतली, त्यांनी मात्र मोडली. इंग्लंड-वेल्समध्ये 2003 च्या कायद्याने छोट्या जागांतल्या गाण्यालाही परवाना लावला होता. तक्रारी वाढल्या, संसदेने पुन्हा विचार केला आणि 2012 च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने तो काढून घेतला. सकाळी 8 ते रात्री 11 या वेळेत ध्वनिवर्धकाशिवायचं गाणं परवान्यातून पूर्ण सुटलं. परवानाधारक जागी आणि कामाच्या ठिकाणी ध्वनिवर्धकासहचं गाणंही 200 श्रोत्यांपर्यंत मोकळं झालं. 2015 मध्ये ही मर्यादा 500 वर नेली. शेजाऱ्यांची तक्रार खरी ठरली तर त्या जागेवर पुन्हा अटी घालण्याचा अधिकार स्थानिक संस्थेकडे ठेवला. आधी विश्वास, चूक झाली तर बंधन, असा हा क्रम आहे. आपला क्रम याच्या बरोबर उलटा आहे.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा येईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे. 23 डिसेंबर 1995 ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागली आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुतेक लहान मुलं. हे आठवल्यावर ‘कशाला हवेत नियम’ असं म्हणायची हिंमत कुणाची होणार नाही. माझीही नाही. पण अशा दुर्घटना नीट वाचल्या की वेगळंच दिसतं. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 जण गुदमरून मेले. ते चित्रपटगृह चोरून चालत नव्हतं. बाहेर पडायची वाट ज्या जादा खुर्च्यांनी अडली होती, त्या खुर्च्यांनाही सरकारी मंजुरी होती. ऑगस्ट 2024 मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेली ती वास्तू महापालिकेच्या ताब्यातली होती. सुदैवाने त्या वेळी आत प्रेक्षक नव्हते. दोन्हीकडे कागद होता, नव्हती ती इमारतीवर कुणाची तरी जागती नजर. जिन्याची रुंदी, दार बाहेर उघडतं की आत, पडद्याचं कापड, वायरिंगचं वय, पाण्याचा साठा या गोष्टी कार्यक्रमागणिक बदलत नाहीत. त्या वास्तूच्या आहेत. मग दर कार्यक्रमाला अर्जदाराकडून हमीपत्र लिहून घेऊन काय साधतं? देवासच्या मल्हार स्मृती मंदिरासारख्या सभागृहाची वर्षातून एकदा, अभियंता आणि अग्निशमन अधिकारी दोघांनी मिळून, हात लावून तपासणी करावी. आत किती माणसं मावतात तो आकडा दारावर ठळक रंगवावा. मग वर्षभर त्या आकड्याच्या आतला प्रत्येक कार्यक्रम आपोआप मंजूर समजावा. कचेरीचा वेळ वाचेल तो मोठ्या मंडपांसाठी, जत्रांसाठी, हजारोंच्या गर्दीसाठी खर्च व्हावा. डबवालीचा धडा तोच आहे.

दुसरा आक्षेप आवाजाचा. 13 डिसेंबर 2023 ला सत्तेवर येताच आपण ध्वनिवर्धकांबद्दल पहिला आदेश काढलात. दहावीची परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर तो आदेश योग्यच होता. डीजेच्या भिंतींनी खिडक्यांच्या काचा हादरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, हे कुणी नाकारू नये. पण केंद्राचे नियमच या बाबतीत बारकाईने बोलतात. रात्री 10 नंतरची बंदी सभागृहासारख्या बंदिस्त जागेला लागू नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून 15 दिवस रात्री 12 पर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्याला आहे. आवाराच्या हद्दीवर किती डेसिबल चालतील, तेही लिहिलेलं आहे. म्हणजे मोजायचा तो आवाज. माच या माळव्यातल्या लोकनाट्याच्या प्रयोगाची परंपरा रात्रभराची, मालकंस आणि दरबारी रात्रीचेच राग. या 15 दिवसांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच जिल्हावार जाहीर झाली, तर मंडळं आपले कार्यक्रम त्या तारखांना बांधतील आणि शेजाऱ्यांनाही आधी कळेल.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण कचेरीत तो सतत जाणवतो. ‘काही गडबड झाली तर?’ धार हे संवेदनशील शहर आहे, हे मान्य. तिथल्या अधिकाऱ्याची काळजी खोटी नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन खटल्यात 1989 मध्येच स्पष्ट केलं की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, संरक्षण देणं हे राज्याचं कर्तव्य आहे. शिवाय पोलिसांना कार्यक्रमाची माहिती हवी, आणि ती पूर्वसूचनेतूनही मिळते. सात दिवस आधी सूचना दिली की बंदोबस्ताचा विचार करता येतो. खरोखर धोका असेल तर कारण लिहून मनाई करण्याचा अधिकार कायद्यात आहेच. फरक एवढाच की कारण लिहिण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर येते. आज अधिकारी गप्प राहिला तरी तो नकारच ठरतो. दिल्लीत जून 2025 मध्ये हॉटेलं, जलतरण तलाव, सभागृहं यांचे परवाने देण्याचं काम पोलिसांकडून काढून स्थानिक संस्थांकडे सोपवलं गेलं. पोलिसांनी पोलिसांचं काम करावं, हाच त्यामागचा विचार.

हे सगळं करायला नवा कायदा लागणार नाही. लोकसेवा हमीचा कायदा देशात सर्वांत आधी, 2010 मध्ये, आपल्याच राज्याने केला. ठरल्या मुदतीत काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड लावण्याची तरतूद त्यात आहे. चित्रीकरणाच्या परवानग्याही राज्याने या कायद्याखाली आणल्या. बाहेरून येणाऱ्या कॅमेऱ्याला जी हमी मिळते, ती इथल्या तानपुऱ्याला का मिळू नये? केंद्रानेही मोठ्या जलशांसाठी एक खिडकी उघडण्याचं काम हाती घेतलं आहे, त्याचं स्वागत आहे. पण ती खिडकी पन्नास हजारांच्या मैदानाकडे उघडते. पन्नास माणसांच्या बैठकीसाठी खिडकीही नको, एक पावती पुरे.

म्हणून विनंती आहे. धार आणि देवास या दोन जिल्ह्यांत एका वर्षासाठी हा प्रयोग करून पाहावा. तपासलेल्या सभागृहांना वार्षिक परवाना द्यावा आणि तिथल्या कार्यक्रमांना वेगळी परवानगी लावू नये. मोकळ्या जागेत 200 माणसांपर्यंतच्या, रात्री 10 च्या आत संपणाऱ्या कार्यक्रमासाठी एका पानाची सूचना आणि तिची शिक्कामोर्तब पावती पुरेशी मानावी. त्याहून मोठ्या कार्यक्रमांच्या सगळ्या परवानग्या एकाच अर्जावर, लोकसेवा हमीच्या मुदतीत मिळाव्यात. मुदतीत उत्तर आलं नाही तर होकार धरावा. वर्षअखेर किती कार्यक्रम झाले, किती तक्रारी आल्या, किती ठिकाणी खरोखर त्रास झाला, ते आकडे जाहीर करावेत. आकडे वाईट आले तर नियम पुन्हा कडक करा, आमची हरकत राहणार नाही.

कुमारजींचा जन्मदिवस 8 एप्रिल. येत्या 8 एप्रिलच्या आत हा आदेश निघावा.

आपला,
माळव्यातला एक मराठी नागरिक