थोरलीची चाल, धाकटीचा आवाज

भावाभावांचे भांडण बहुधा शेताच्या बांधावर उभे राहते आणि तलाठ्याच्या दप्तरात त्याची नोंद होते. बहिणींमधील तेढ मात्र पुष्कळदा घरातील तुलनेतून उगवते. ‘थोरली किती समंजस, धाकटी मात्र हट्टी’ असे वाक्य पाहुण्यांसमोर कोणीतरी सहज बोलून जाते आणि पुढे पन्नास वर्षे दोघींच्या मनात त्यावर व्याज चढत राहते.

महाराष्ट्राने ज्यांची तुलना सर्वाधिक केली, अशा दोन बहिणी म्हणजे लता मंगेशकर आणि आशा भोसले. लताबाईंचा जन्म १९२९ चा, आशाताईंचा १९३३ चा. मा. दीनानाथ १९४२ साली निवर्तले, तेव्हा थोरलीला तेरावे वर्ष चालू होते. घराचा भार तिच्या खांद्यावर आला. धाकटीनेही पुढच्याच वर्षी ‘माझं बाळ’ या चित्रपटात गाऊन कामाला प्रारंभ केला. १९४९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, आशाताईंनी गणपतराव भोसले यांच्याशी घरच्यांच्या इच्छेविरुद्ध विवाह केला. गणपतराव त्यांच्याहून सुमारे पंधरा वर्षांनी मोठे होते. या विवाहाने बहिणींत दुरावा आला, हे आशाताईंनी मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितलेले आहे. तो संसार टिकला नाही आणि १९६० च्या सुमारास त्या मुलांसह माहेरी परतल्या.

दोघींच्या बाजू समजून घेण्याजोग्या आहेत. ज्या मुलीने खेळण्याच्या वयात भावंडांचे पोट भरले, तिला धाकटीचे ते पाऊल जबाबदारी झुगारण्यासारखे वाटले असणार. जिला घरात आणि बाहेर सदैव ‘लताची बहीण’ म्हणून ओळखले गेले, तिला स्वतःचा एखादा तरी निर्णय स्वतः घ्यावासा वाटला असणार. यात खरे कोण आणि खोटे कोण, याचा हिशेब करू गेल्यास तो कधीच जुळणार नाही.

त्यांचे व्यवसायातील मार्गही भिन्न झाले. ओ. पी. नय्यर यांनी लताबाईंचा आवाज कधीच वापरला नाही. त्यांच्याच संगीतातील ‘नया दौर’ने १९५७ मध्ये आशाताईंना मोठे स्थान मिळवून दिले. लोकांनी यातही स्पर्धाच पाहिली. परंतु त्याच वर्षीच्या ‘मिस मेरी’ आणि ‘शारदा’ या चित्रपटांत दोघी एकत्र गायल्या आहेत, हे तुलना करणारे सोयीस्करपणे विसरतात.

मला विशेष मोलाची वाटते ती पुढील घटना. भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ या चित्रपटाचे संगीत ‘आनंदघन’ या नावाने आले. योगी आनंदघनजींची स्तवने म्हणणाऱ्या आपल्या वाचकांना हे नाव ओळखीचे वाटेल. येथे मात्र ते लताबाईंनी घेतलेले टोपणनाव होते. त्या चित्रपटातील शांता शेळके यांची ‘रेशमाच्या रेघांनी’ ही लावणी आशाताईंनी गायली. ठसकेबाज लावणी हा लताबाईंच्या गळ्याचा प्रांत नव्हे. धाकटीचा जो वेगळेपणा एकेकाळी खटकला असेल, तोच ओळखून थोरलीने त्याला शोभेल अशी चाल बांधली. धाकटीनेही ती अशी गायली, की आज साठ वर्षांनंतरही ती जुनी झालेली नाही. पुढे मुंबईत पेडर रोडवरील ‘प्रभुकुंज’मध्ये दोघी शेजारशेजारच्या घरांत वर्षानुवर्षे राहिल्या. एकीचा स्वभाव दुसरीने घेतला नाही, आणि त्याची आवश्यकताही पडली नाही.

इतक्या थोर उदाहरणावरून आपल्या घराकडे वळताना संकोच वाटतो, पण वळणे भाग आहे. माझ्या परिचयातील दोन बहिणींपैकी थोरली नांदेडला कापडाच्या दुकानाचा हिशेब सांभाळते. धाकटी लातूरला महाविद्यालयात शिकवते. एक नित्यनेमाची, मितभाषी. दुसरी मोठ्याने हसणारी, मनात येईल ते बोलणारी. आई अखेरची वर्षे थोरलीकडे होती. आईच्या मुदत ठेवीवर थोरलीचे नामनिर्देशन निघाले, आणि धाकटीला वाटले, आपल्याला डावलले. सहा वर्षे अबोला राहिला.

बँकेतील माणूस म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. नामनिर्देशित व्यक्ती ठेवीची मालक होत नाही. बँकेने रक्कम कोणाच्या हाती द्यावी, एवढेच नामनिर्देशनाने ठरते. वारसांचा हक्क मृत्युपत्रानुसार, आणि ते नसल्यास वारसा कायद्यानुसार, कायम राहतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर ठेवीवर चार जणांपर्यंत नावे देता येतात आणि प्रत्येकाचा वाटाही नमूद करता येतो. पालकांनी हा अर्ज भरावा आणि भरल्यावर सर्व मुलांना एकत्र बसवून सांगावा. न सांगितलेल्या व्यवहारातून संशय जन्मतो.

या दोघींतही रक्कम पुढे वाटली गेली, तरी मने जुळली नाहीत. ती जुळली निराळ्याच निमित्ताने. थोरलीची मुलगी अकरावीला लातूरच्या शिकवणीत दाखल झाली. वर्ग सुटेपर्यंत दिवस मावळायचा. मुलगी चौविहार पाळणारी, त्यामुळे कित्येक दिवस सायंकाळी उपाशीच राहायची. मावशीला हे दुसऱ्याच कोणाकडून कळले. स्वतः चौविहार न पाळणारी ती प्राध्यापिका दुसऱ्या दिवसापासून सूर्यास्तापूर्वी डबा घेऊन वर्गाच्या दारात उभी राहू लागली. महिनाभराने नांदेडहून फोन आला. थोरलीने ठेवीचा विषय काढला नाही. ‘तिला कारल्याची भाजी देऊ नकोस, आवडत नाही,’ एवढेच म्हणाली. धाकटी म्हणाली, ‘ताई, आता खाते ती.’ तेथून बोलणे सुरू झाले.

दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. जिने हात पुढे केला, तिने स्वतःची रीत न सोडता दुसरीच्या रीतीला मान दिला. ‘आधी तू चूक कबूल कर’ ही अट घातली गेली नाही. तशी अट घातली असती, तर कदाचित अबोला आणखी सहा वर्षे लांबला असता.

वाचकहो, क्षमापनेचा संदेश हल्ली मोबाईलवर एका क्षणात दोनशे जणांना जातो. जिच्याशी बोलणे थांबले आहे, त्या बहिणीचे नावही त्या दोनशेंत असते. येत्या पर्वात तिच्यासाठी तेवढ्यावर थांबू नये. तिला जे आवडते, आणि आपल्याला कदाचित आवडत नाही, असे एखादे काम तिच्यासाठी करावे. नांदेड ते लातूर हा एसटीने काही तासांचा रस्ता आहे. एखाद्या रविवारी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येते.