तपासणीत सगळं ठीक, तरी गर्भ राहीना! जनावरांच्या प्रजननात रसायनं कशी ढवळाढवळ करतात?

2010 सालचा वसंत ऋतू. स्पेनमधल्या 41 वराहपालन फार्मवर एकाच वेळी विचित्र प्रकार घडू लागला. माद्यांचं कृत्रिम रेतन होत होतं, पण गर्भ राहत नव्हता. वीर्य तपासलं तर शुक्राणूंची संख्या, हालचाल, सगळं ठीक. मग बिघडलं कुठे?

उत्तर सापडलं वीर्य साठवायच्या प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये. पिशवीच्या थरांमधून आणि ते चिकटवणाऱ्या पदार्थांमधून काही रसायनं वीर्यात उतरत होती. झारागोझा विद्यापीठातल्या संशोधकांनी हा शोध 2014 मध्ये प्रसिद्ध केला.

इथे रसायनं थेट वीर्यात उतरली होती. पण काही रसायनं याहून सावकाश, हार्मोनच्या वाटेने काम करतात. तीच समजून घेऊया.

हार्मोनमध्ये ढवळाढवळ म्हणजे काय?

गाय माजावर येणं, बीजांड सुटणं, गर्भ टिकणं, रेड्यात किंवा बोकडात शुक्राणू तयार होणं, हे सगळं हार्मोनच्या इशाऱ्यावर चालतं. हार्मोन ही किल्ली मानली, तर पेशीवर तिचं कुलूप असतं.

काही रसायनं या किल्लीची नक्कल करतात, काही कुलूपच अडवून बसतात. प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए आणि थॅलेट्स, जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलातली पीसीबी, कचरा जाळल्यावर तयार होणारी डायॉक्सिन आणि डीडीटीसारखी कीटकनाशकं ही त्यातली काही नावं. शरीरात हार्मोनच मुळात अत्यल्प प्रमाणात असतात. त्यामुळे इथे थोडी मात्राही पुरते.

स्कॉटलंडच्या मेंढ्यांनी काय दाखवलं?

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात शेवटी गाळ उरतो. ब्रिटनमध्ये तो मोठ्या प्रमाणावर शेतात खत म्हणून टाकला जातो. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी मेंढ्यांचे दोन गट केले. एक गट असा गाळ टाकलेल्या कुरणात चरला, दुसरा साधं रासायनिक खत टाकलेल्या कुरणात.

2005 मध्ये पहिला मोठा निष्कर्ष आला. गाळाच्या कुरणात चरलेल्या मेंढ्यांच्या पोटातल्या नर गर्भाचे वृषण लहान होते आणि पुढे शुक्राणू बनवणाऱ्या पेशी कमी होत्या. 2008 मध्ये मादी गर्भाच्या अंडाशयातही बिघाड दिसला. 2012 मध्ये अशाच कुरणावर वाढलेले प्रौढ मेंढे तपासले, तेव्हा 12 पैकी 5 जणांच्या वृषणात या पेशींची कमतरता आढळली. बाकीचे 7 व्यवस्थित होते, त्यामुळे गटाची सरासरी काढली तर फारसं काही दिसत नव्हतं.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, इथे एखादं रसायन 'विषारी' मात्रेत नव्हतं. अनेक रसायनं थोडी-थोडी मिळून आलेली होती. दोन, रसायनं पोटात गेली आईच्या, पण परिणाम दिसला पुढच्या पिढीत. आज गोठ्यात दिसणाऱ्या अडचणीचं मूळ दोन-तीन वर्षांपूर्वीच्या चाऱ्यात असेल, तर ते शोधणार कसं?

जगात काय हालचाल आहे?

स्वित्झर्लंडने 2006 पासून शेतात गाळ टाकणं बंद केलं. अमेरिकेतल्या मेन राज्यात गाळातून आलेली पीफास रसायनं माती, चारा आणि दुधापर्यंत पोहोचली होती. या राज्याने 2022 मध्ये कायदा करून बंदी घातली. ब्रिटनमध्ये मात्र गाळ टाकणं सुरूच आहे, कारण तो स्वस्त खत आहे आणि टाकायला दुसरी जागाही नाही.

आपल्याकडे याचा काय संबंध?

हैदराबादला मुसी नदीच्या सांडपाण्यावर पिकवलेलं गवत वर्षानुवर्षं म्हशींना घातलं जातं. पुण्याचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं. त्यावर ऊस होतो, आणि चाराही.

म्हणजे गाय उलटली की दोष प्लास्टिकचा, असं समजायचं का? अजिबात नाही. गाय वारंवार उलटण्यामागे अपुरा आहार, खनिजांची कमतरता, गर्भाशयाचा संसर्ग किंवा माज ओळखण्यात झालेली चूक ही कारणं आधी तपासायला हवीत. पशुवैद्यकाला दाखवणं ही पहिली पायरी.

पण दुसरी बाजूही खरी आहे. सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणारं पाणी 'योग्य' आहे की नाही, हे आपल्याकडे मुख्यतः सामू, बीओडी, तरंगते घन पदार्थ आणि विष्ठेतले जिवाणू पाहून ठरतं. हार्मोन बिघडवणारी रसायनं या नेहमीच्या यादीत नाहीत. जे मोजलंच जात नाही, ते अहवालात दिसणार कसं?

गाय एकदा उलटली की पुढच्या माजासाठी साधारण 21 दिवस थांबावं लागतं. तेवढे दिवस वैरण, पेंड, मजुरी चालूच असते आणि वेत लांबतं. हा खर्च दोन-चार गाई असलेल्या घराला जाणवतो.

स्पेनमध्ये पिशवीवर संशय गेला, कारण 41 फार्मची नोंद एकत्र पाहता आली. आपल्याकडे गाय उलटल्याची नोंद बऱ्याचदा गोठ्याबाहेर जातच नाही. सुरुवात तिथूनच करावी लागेल: रेतन कधी झालं, गाय किती वेळा उलटली, चारा कुठला आणि पाणी कुठलं, एवढं तरी लिहून ठेवायला हवं.