उंदरिणीचा हिशोब



पोटगी, पाणी, रेशन, मारहाण हे विषय सोडून या वेळी उंदरांवर संपादकीय कशाला, असं आपल्यापैकी काही जणी विचारतील. कारण सरळ आहे. दवाखान्यातून आपल्या हातात पडणारी गोळी माणसाच्या पोटात जाण्याआधी बहुधा उंदराच्या पोटात गेलेली असते. तो उंदीर नर होता की मादी, हा प्रश्न वर्षानुवर्षं फारसा कुणी विचारला नाही. आणि त्याची किंमत बायकांनी मोजली आहे.

अ‍ॅनालीझ बीअरी आणि अर्व्हिंग झुकर या दोन अमेरिकन संशोधकांनी २००९ सालातले प्राण्यांवरचे प्रयोग तपासले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. जीवशास्त्राच्या दहा शाखांपैकी आठ शाखांत नरांकडे झुकतं माप होतं. मेंदूविज्ञानात तर फक्त मादीवर केलेल्या एका प्रयोगामागे फक्त नरांवर केलेले साडेपाच प्रयोग होते. कारण काय सांगत? तर मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं, त्यात तिची संप्रेरकं वर-खाली होतात, आकडे नीट येत नाहीत. थोडक्यात, मादी लहरी! २०१४ साली झुकर यांच्याच गटानं २९३ शोधनिबंध पडताळले, तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हेलकावे खात नाहीत असं दिसलं, तेही चक्राकडे लक्ष न देता मोजले असताना. ‘बायकांचं काही सांगता येत नाही’ हे आपण घरात, कचेरीत ऐकतो. प्रयोगशाळेतही तेच वाक्य विज्ञानाचा कोट घालून बसलं होतं.

मादीला वगळल्यामुळे काय हातचं गेलं, हे अन्नाच्या पचनापुढच्या गोष्टीत, म्हणजे चयापचयात, फार स्पष्ट दिसतं. खाल्लेल्या अन्नाचं शरीर काय करतं, किती जाळतं, किती चरबी म्हणून साठवतं, रक्तातली साखर कशी सांभाळतं, हा तो विषय. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका काळ्या उंदराच्या वाणाला तुपकट खाणं दिलं, की नर भराभर जाड होतो, त्याची साखर बिघडते. त्याच वयाची, तेच खाणारी मादी बराच काळ तग धरते. तिचे बीजकोश काढले तर मात्र तीही जाड होते. म्हणजे बीजकोशातलं इस्ट्रोजेन तिला सांभाळत होतं. बरीच वर्षं गोष्ट इथंच संपायची: फरक आहे तो संप्रेरकांचा.

पण नर-मादीत फक्त संप्रेरकं वेगळी नसतात, गुणसूत्रंही वेगळी असतात. मादीत दोन एक्स, नरात एक एक्स आणि एक वाय. परिणाम कुणाचा, हे वेगळं कसं काढायचं? १९९० साली वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक सापडलं. गर्भात वृषण तयार करायला सांगणारं हेच ते जनुक. ज्यांच्या वायवर ते जनुक उरलेलं नव्हतं अशा उंदरांत शास्त्रज्ञांनी ते दुसऱ्याच एका गुणसूत्रावर बसवलं. त्यामुळे चार तऱ्हांची पिल्लं जन्मू लागली: दोन एक्स असून बीजकोश, दोन एक्स असून वृषण, एक्स-वाय असून बीजकोश, एक्स-वाय असून वृषण. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आर्थर अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदरांवर पुष्कळ काम केलं. २०१२ साली तिथल्या गटानं दाखवलं, की या चारही तऱ्हांचे बीजकोश किंवा वृषण मोठेपणी काढून टाकले आणि काही महिने जाऊ दिले, तर दोन एक्स असणाऱ्यांच्या अंगावर एक्स-वायवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट चरबी साठते. जन्मापासून बीजकोश होते की वृषण, याला महत्त्व उरत नाही. दिवसा, म्हणजे उंदरांच्या झोपेच्या वेळी, दोन एक्सवाले खातातही जास्त.

इथं एक कोडं होतं. मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ साली उंदरांच्या केसांचे रंग पाहून सांगितलं होतं, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गप्प होतो. मग दोन एक्सचा फरक पडतोच कसा? कारण गप्प झालेल्या एक्सवरची काही जनुकं गप्प बसत नाहीत. त्यातल्या केडीएम५सी नावाच्या एका जनुकाची मात्रा माद्यांमध्ये नराइतकी कमी केली, तेव्हा त्यांचं वजन आणि चरबी घटली. हे काम २०२० सालचं. म्हणजे मादीच्या शरीरात दोन ओढी आहेत: इस्ट्रोजेन चरबी आवरायला बघतं, दुसरा एक्स साठवायला. केवळ नर मोजणाऱ्याला यातली एकही दिसली नसती.

आणि ‘मादी’ म्हणजे तरी एकच का? शंभरावर वाणांच्या उंदरांना एकच तुपकट-गोड खाणं घातलं, तर काहींची चरबी जेमतेम हलते, काहींची कैक पटींनी वाढते. एका वाणात नर-मादीत दिसणारा फरक दुसऱ्या वाणात तसाच दिसेल असंही नाही.

आता आपल्या मनातली भीती. शरीरातल्या फरकांची भाषा आपल्याविरुद्ध खूप वापरली गेली आहे. बाईचा मेंदू लहान, बाई निसर्गतःच दुबळी, तिची जागा चुलीपाशी. म्हणून चळवळीनं लिंग आणि लिंगभाव यांची फारकत केली: एक निसर्गाचं, दुसरं समाजानं लादलेलं. समाजकार्याच्या अभ्यासात मीही तेच शिकले आणि वस्त्यांमधून तेच शिकवते. पण वस्तीतच आपण गुणसूत्रांची चित्रंही दाखवतो ना? मुलगी झाली म्हणून सुनेला छळणाऱ्या सासूला, वाय बापाकडून येतो, हे आपणच सांगतो. ज्ञान आपल्या बाजूनं वापरता येतं, ते आपल्या हातात असेल तर. भेद मोजणं म्हणजे भेदभाव नव्हे. भेद असताना तो न मोजणं हा मात्र भेदभाव आहे.

तो कसा अंगावर येतो पाहा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७७ साली, मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ही सूचना मागे घेतली गेली ती १९९३ साली. तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी २००१ मध्ये नोंदवलं, की १९९७ ते २००० या काळात बाजारातून काढलेल्या दहा औषधांपैकी आठ औषधांचा धोका बायकांना जास्त होता. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते. तिची बायकांसाठीची मात्रा निम्मी करायला २०१३ साल उजाडलं. २०१६ पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे पैसे मागणाऱ्या संशोधकाला, नर-मादी दोन्हींचा विचार केला का, याचं उत्तर द्यावं लागू लागलं.

आपल्या देशात बायकांच्या शरीरावर प्रयोग झालेच नाहीत असं नाही. हैदराबादजवळ पाटनचेरूला नेट-एन इंजेक्शनच्या चाचणीत बायकांना पुरेशी माहिती न देता ओढलं, म्हणून स्त्री-संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कूस आवरायची असते तेव्हा बाईचं शरीर हवं असतं; तिचं हृदय, यकृत, साखर समजून घ्यायची वेळ आली की नराच्या आकड्यांवर भागवलं जातं.

तरीही उंदराचा निष्कर्ष उचलून बाईवर चिकटवू नका. पिंजऱ्यातल्या मादीला नराइतकंच खाणं मिळतं, वेळेवर मिळतं. आमच्या आरोग्य गटातल्या बायका सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातात आणि विचारतात, ‘ताई, तरी माझंच वजन का वाढतं?’ दवाखान्यात त्यांना उत्तर मिळतं, जिभेवर ताबा ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या, आणि २४ टक्के बायकांचं वजन प्रमाणाबाहेर होतं. उपास आणि लठ्ठपणा एकाच घरात राहतात. गुणसूत्र त्याचा एक धागा असेल; ताटात काय पडतं, केव्हा पडतं, झोप किती मिळते, हे बाकीचे धागे आहेत. सगळं जनुकांवर ढकललं तर नवरा सुटतो, सरकारही सुटतं.

म्हणून मागणी दोन्ही अंगांनी हवी. औषधाच्या प्रत्येक चाचणीत बायका किती होत्या, त्यांना सगळं समजावून त्यांची संमती घेतली का, आणि त्यांचे आकडे वेगळे मांडले का, हे जाहीर व्हायला हवं. गटाच्या पुढच्या बैठकीत डॉक्टर येतील तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: ही मात्रा कुणाच्या शरीरावर ठरवली? उत्तर मिळालं नाही तर तेही लिहून ठेवा आणि आम्हांला कळवा.